तांदळाची वही

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी तांदूळ गोळा करते.
डोंगराच्या या सोंडेवर एकशे चौदा चुली.
ऐझॉलची बस खाली वळणावर सोडते,
वर यायचं ते आपल्या पायांनी.
पाठीला टोपली, हातात ताणकाटा,
काखेत चर्चची वही: नाव, वजन, सही.

आमच्याकडे रीत अशी,
की आधण ठेवलं, तांदूळ मोजून घेतले,
की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ काढायची
आणि कोपऱ्यातल्या डब्यात टाकायची. ती देवाची.
मूठ केवढी, हे कुणी विचारत नाही.
पण मला कळतं.
सहा वर्षांत मी या गावाच्या मुठी ओळखायला लागले आहे.
दुकानवाल्याच्या बायकोची चिमटीकडे झुकलेली.
ह्रुआईची बाळंतपणात सैल झाली, ती अजून तशीच.
ज्या घरातला मुलगा दारू पितो
तिथला डबा काठोकाठ,
हलवला तर सांडेल असा.
मी बोलत नाही. मापात पाप नको,
म्हणून काटा दोनदा बघते आणि लिहिते.

या शनिवारी पी बियाकथांगींनी
डबा उलटा करून दाखवला.
तळाशी एक सोंडकिडा होता, तोही चालता झाला.

"विकला," म्हणाल्या. "शेजारी. शंभर रुपये आले.
फुटबॉलची दोन तिकिटं काढली,
एक माझं, एक थांगपुईचं."

"पण थांगपुईला तर दिसत नाही."

"म्हणून तर मी गेले. सांगायला कुणीतरी हवं.
माझा रेमरुआता बाकावरच बसून होता,
नव्वद मिनिटं, मांडीवर टॉवेल.
तिला म्हटलं, खेळतोय. म्हटलं, दोन गोल केले.
ती एवढ्या जोरात ओरडली
की पुढची माणसं वळून बघायला लागली,
चेंडू तेव्हा कुठे मैदानाबाहेर, नाल्यात होता."

आणि हसायला लागल्या.
सत्तरीची बाई, दाराच्या चौकटीला धरून,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
मग पदराने नाही, मनगटाने डोळे पुसले
आणि गंभीर झाल्या.
"चाळीस वर्षांत एकही मूठ चुकवली नव्हती.
पाप असेल तर लिही.
नसेल तरी लिही.
खोटं बोलले, ते वेगळं लिही."

वहीत तीन रकाने आहेत.
मी बराच वेळ पेन धरून उभी राहिले.
मग वजनाच्या रकान्यात शून्य काढलं,
जरा मोठंच निघालं,
आणि त्यांनी त्याच्यापुढे सही केली,
शाळेतल्या मुलीसारखी, जीभ बाहेर काढून.

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या वडिलांनी वही बघितली.
बोट शून्यावर थांबलं.
"आजारी होत्या?"
"नाही."
"मग?"
"मॅच बघायला गेल्या होत्या."
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.
म्हणाले, "कोण जिंकलं?"
मला माहीत नव्हतं.
त्यांनी पान उलटलं.

त्याच रात्री मी भात लावला.
मोबाइलवर तीन आठवडे एक लाल बूट पडून आहेत,
सतराशे नव्व्याण्णव, विकत घे म्हणणारं बटण
मी रोज बघते आणि रोज स्क्रीन पालथी घालते.
दशांश दिलाय, आईचं औषध आणलंय,
पैसे माझे आहेत,
पायही माझेच.
कुणी नाही म्हटलेलं नाही. कुणी हो पण नाही.

आधणाला उकळी आली.
तांदळात हात घातला, मूठ वळली, बाहेर काढली.
बल्बखाली धरून बघितली.
नेहमीएवढीच आहे? थोडी लहान?
एकशे तेरा घरांच्या मुठी ओळखते मी.
ही कुणाची, ते चटकन सांगता येईना.